ख्रिस्तोफर रॉबिन हे नाव कुणाचं?

इंग्लंडातल्या स्टो या निवासी शाळेत १९३०च्या दशकात एक लाजाळू मुलगा शिकत होता. बोलताना तो अडखळायचा. शेजारच्या खोलीतल्या मुलांकडे ग्रामोफोनची एक तबकडी होती. ती लावली की एका लहानग्याचा आवाज ऐकू यायचा, झोपण्यापूर्वी पलंगाशी गुडघे टेकून म्हटलेली प्रार्थना, गोड चालीत बांधलेली. आवाज ह्याच मुलाचा होता, अगदी लहान असताना मुद्रित केलेला. शेजारची मुलं ती तबकडी पुन्हा पुन्हा लावत आणि भिंतीपलीकडे तो ती ऐकत बसे. अखेर त्या मुलांनाच कंटाळा आला आणि त्यांनी ती त्याच्या हवाली केली. त्याने तिचे बारीक तुकडे केले आणि लांबच्या एका शेतात नेऊन विखरून टाकले.

मुलाचं नाव ख्रिस्तोफर रॉबिन मिल्न. तबकडीवरची कविता त्याच्या वडिलांची, अ‍ॅलन अलेक्झांडर मिल्न यांची. लाल सदरा घातलेलं, मधाच्या बुधल्यात पंजा घालणारं ते पिवळं अस्वल आज आपल्याकडच्या बालवाडीतल्या दप्तरांवर आणि पाण्याच्या बाटल्यांवर असतं, ते याच घरातून जगात गेलं. विनी द पूहच्या गोष्टींमध्ये अस्वलाशी खेळणारा जो मुलगा आहे त्याचंही नाव ख्रिस्तोफर रॉबिन. वडिलांनी ते बदललं नव्हतं. मुलाचं खरं नाव, त्याची खरी खेळणी आणि घरामागचं खरं जंगल त्यांनी पुस्तकात जसंच्या तसं ठेवलं.

मूल मोठं झालं की त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यायचं, हे प्रत्येक आईबापाला कधीतरी करावं लागतं. पुस्तक छापून झालं की तेही वाचकांच्या हवाली करावं लागतं, हे लेखकाला शिकावं लागतं. मिल्नच्या बाबतीत या दोन गोष्टी एकाच नावात अडकल्या. पुस्तक जितकं दूर गेलं, तितकं मुलाला स्वतःच्या वाटेने जाणं अवघड झालं.

ही काही हावरट बापाची गोष्ट नाही, आणि म्हणूनच ती नीट सांगायला हवी.

मिल्न केंब्रिजला गणित शिकले, पण ओढा लेखनाचा. १९०६मध्ये ते 'पंच' या विनोदी साप्ताहिकाचे सहायक संपादक झाले. पहिल्या महायुद्धात सोमच्या आघाडीवर गेले आणि युद्धाविषयीची घृणा घेऊन परतले. पुढे त्यांची नाटकं लंडनच्या रंगभूमीवर गाजली, १९२२मध्ये आलेली 'द रेड हाउस मिस्ट्री' ही रहस्यकथाही खपली. २१ ऑगस्ट १९२० रोजी मुलगा झाला तेव्हा ते नावाजलेले नाटककार होते. मुलगी होईल अशी आईबापांची अपेक्षा होती, नावही रोझमेरी ठरलं होतं. मुलगा झाला आणि ख्रिस्तोफर रॉबिन हे नाव कागदावर लागलं, पण घरात त्या नावाने त्याला कुणी हाक मारत नसे. तो 'बिली मून' होता. यातलं 'मून' म्हणजे त्याने स्वतःच्या आडनावाचा बोबड्या बोलात केलेला उच्चार. म्हणजे घरातलं नाव वेगळं होतं, आणि कागदावरचं, काहीसं रिकामंच पडलेलं नाव वडिलांनी कवितेसाठी उचललं. ते उचलताना एका माणसाच्या आयुष्याला हात लागतो आहे असं त्यांना वाटलं नसावं.

पहिल्या वाढदिवसाला हॅरॉड्समधून एक कापडी अस्वल आणलं होतं. पाठोपाठ मान खाली घातलेलं गाढव आलं, शेजाऱ्यांनी दिलेलं चिमुकलं डुक्कर आलं. या खेळण्यांना आवाज दिले ते मुलाने आणि त्याच्या आईने, डॅफ्नीने. दिवसभराचं न्हाऊमाखू, फिरायला नेणं, झोपवणं हे सगळं ऑलिव्ह ब्रॉकवेल या दाईकडे होतं. मोठेपणी ख्रिस्तोफरने लिहून ठेवलं आहे की लहान मुलांत रमण्याची हातोटी वडिलांना नव्हती. ते मुलापर्यंत पोचत ते लेखणीवाटे. दाराच्या फटीतून मुलाचा खेळ पाहणारा आणि मग आपल्या खोलीत जाऊन तो कागदावर मांडणारा हा बाप आपल्याला अनोळखी नाही. मायेने भरलेला आणि मुलाला जवळ घ्यायला अवघडणारा, असा पुरुष मराठी घरांतही एक-दोन पिढ्यांपूर्वी सर्रास होता.

गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या मुलाची ती कविता १९२३च्या सुरुवातीला 'व्हॅनिटी फेअर' मासिकात आली. मिल्नने ती बायकोला भेट दिली होती आणि छापून आली तर मानधनही तिनेच ठेवावं असं सांगितलं होतं. १९२४मध्ये बालकवितांचा पहिला संग्रह निघाला आणि हातोहात संपला. १९२५मध्ये ससेक्समध्ये अ‍ॅशडाउन जंगलाच्या कडेला कॉचफोर्ड फार्म हे घर घेतलं. १९२६मध्ये 'विनी द पूह', १९२७मध्ये कवितांचा दुसरा संग्रह, १९२८मध्ये 'द हाउस अ‍ॅट पूह कॉर्नर'. अवघ्या चार वर्षांत चार पुस्तकं. चारही मिळून एका मध्यम आकाराच्या कादंबरीएवढे शब्द भरतात.

आणि इथे मिल्न थांबले.

वाचक पुढचं पुस्तक मागत होते, प्रकाशकाला ते हवंच होतं. मूल आठ वर्षांचं होतं. लिहायचंच म्हटलं असतं तर अस्वल, डुक्कर आणि गाढव कितीही वर्षं जंगलात हिंडत राहिले असते. पण मुलाचं नाव आपल्याला हवं होतं त्याहून फार जास्त लोकांच्या तोंडी गेलं आहे, हे मिल्नच्या ध्यानात आलं होतं आणि तसं त्यांनी लिहूनही टाकलं. नाव कमावलेल्या बापाचा मुलगा म्हणून तो मिरवावा किंवा पिचावा, यातलं काहीच त्यांना नको होतं. ऐन बहरात आलेलं काम लेखकाने मुलासाठी बंद करावं याची उदाहरणं फार नाहीत. हे त्यांच्या बाजूने ठामपणे सांगायला हवं.

शेवटच्या पुस्तकातलं शेवटचं प्रकरण तर मुलाला निरोप देण्याचंच आहे. ख्रिस्तोफर रॉबिन कुठेतरी जाणार आहे एवढं जंगलातल्या सगळ्यांना कळलेलं असतं. कुठे आणि का, हे कुणी बोलत नाही. गाढव त्याच्यासाठी एक निरोपाची कविता लिहितं, सगळे सह्या करतात, ती देताना अवघडतात आणि एकेक करून निघून जातात. उरतात मुलगा आणि अस्वल. यापुढे काहीही न करता नुसतं बसायला आपल्याला मिळणार नाही, असं मुलगा अस्वलाला सांगायचा प्रयत्न करतो आणि आपल्याला विसरू नकोस असं वचन मागतो. शाळा हा शब्द प्रकरणात कुठे येत नाही, पण मूल शाळेत निघालं आहे आणि ते बापाला सोसत नाही, हे ओळी-ओळीत दिसतं. थोड्याच काळाने खरा मुलगा खरोखर निवासी शाळेत गेला. दाई नोकरी सोडून गेली. तिची जागा वडिलांनी घेतली: सुट्टीत घरी आलेल्या मुलाबरोबर बीजगणिताची उदाहरणं सोडवायची, शब्दकोडी सोडवायची, क्रिकेट खेळायचं. बाप-लेकाची खरी गट्टी जमली ती पुस्तकं संपल्यावर.

तरीही तबकडी वाजत राहिली. मिल्नने लिहिणं थांबवलं होतं, पण लिहिलेलं परत घेता येत नव्हतं. १९३०मध्ये अमेरिकेत स्टीफन स्लेसिंजर यांनी पूहचे व्यापारी हक्क घेतले आणि अस्वल खेळण्यांवर, खेळांवर, रेडिओवर गेलं. लेखकालाही त्याचा जाच झाला. मिल्नने पुढे कादंबऱ्या लिहिल्या, नाटकं लिहिली, १९३४मध्ये युद्धविरोधी पुस्तक लिहिलं, १९३९मध्ये आत्मचरित्र लिहिलं. प्रत्येक वेळी वाचक त्यात अस्वल शोधत. नाटककार मिल्न त्यांच्या हयातीतच विस्मरणात गेले आणि ते दुःख त्यांनी लपवलं नाही.

चित्रकार अर्नेस्ट शेपर्ड यांचीही गत तीच. तेही 'पंच'चे, आयुष्यभर राजकीय व्यंगचित्रं काढलेले, पण लोकांना आठवतात ते अस्वलाच्या चित्रांमुळे, आणि याची खंत त्यांना शेवटपर्यंत होती. त्यांनी चित्रं काढताना समोर ठेवलेलं अस्वल ख्रिस्तोफरचं नव्हतंच. ते त्यांच्या स्वतःच्या मुलाचं, ग्रॅहमचं होतं. त्याचं नाव ग्राउलर. ग्रॅहम मोठा होऊन नौदलात गेला आणि सप्टेंबर १९४३मध्ये त्याची युद्धनौका बुडाली, त्यात तो गेला. ग्राउलर ग्रॅहमच्या मुलीबरोबर युद्धकाळात कॅनडाला गेलं होतं, तिथे एका कुत्र्याने ते फाडून टाकलं. जगातली लाखो मुलं ज्या अस्वलाला ओळखतात त्याचा मूळ नमुना असा संपला. पूहच्या यशाच्या गोष्टीत शेपर्डच्या घरातल्या या हानीचा उल्लेख क्वचित होतो. व्हायला हवा.

मिल्नवरही युद्धाने मुलाला रणांगणावर धाडण्याची वेळ आणली. हिटलरच्या उदयानंतर त्यांनी युद्धविरोधाची आपली भूमिका बदलली होती. केंब्रिजचं शिक्षण अर्धवट टाकून ख्रिस्तोफर सैन्यात भरती व्हायला गेला, तर वैद्यकीय तपासणीत नापास झाला. सोमचे खंदक पाहिलेल्या बापाला सुटकेचा निःश्वास टाकता आला असता. मिल्नने उलट केलं. आपल्या ओळखी वापरून त्यांनी मुलाला रॉयल इंजिनिअर्समध्ये प्रशिक्षणाच्या तुकडीत जागा मिळवून दिली. १९४२मध्ये तो अधिकारी झाला, मध्यपूर्वेत गेला, तिथून इटलीत, आणि तिथे जखमी झाला. मुलाला सोडणं म्हणतात ते मिल्नच्या आयुष्यात इथे पूर्ण झालं असं मला वाटतं. शेवटच्या प्रकरणातला निरोप कितीही हृद्य असला तरी तो त्यांच्या हातातला होता, शब्द त्यांचे होते. इथे काय होणार हे त्यांच्या हातात नव्हतं आणि तरी त्यांनी दार उघडून दिलं.

मुलाच्या मनातला राग उसळला तो युद्ध संपल्यावर. शिक्षण पूर्ण झालं, पदवी तिसऱ्या वर्गात मिळाली आणि लंडनमध्ये नोकरीसाठी वणवण सुरू झाली. एखाद्या धंद्यात स्वतःच्या बळावर उभं राहावं असं कसब हाताशी नाही आणि नाव सांगितलं की समोरचा हसून अस्वलाबद्दल विचारणार. वडील आपल्या चिमुकल्या खांद्यांवर पाय देऊन वर गेले, आपल्या नावाचं सत्त्व त्यांनी घेतलं आणि पोकळ प्रसिद्धी तेवढी आपल्या वाट्याला ठेवली, असं त्या काळात आपल्याला वाटे, हे त्याने पुढे उघडपणे लिहिलं. हा आरोप कठोर आहे. पण बेकार फिरणाऱ्या पंचविशीतल्या तरुणाच्या जागी उभं राहून पाहिलं तर तो खोटा वाटत नाही.

१९४८मध्ये त्याने मामेबहीण लेस्ली द सेलिंकोर्टशी लग्न केलं. तिचे वडील आणि ख्रिस्तोफरची आई ही सख्खी भावंडं, पण त्यांच्यात वर्षानुवर्षं अबोला होता, त्यामुळे हे लग्न आईला रुचलं नाही. १९५१मध्ये दोघं लंडन सोडून डेव्हनमध्ये, डार्ट नदीच्या मुखाशी असलेल्या डार्टमथ गावी गेली आणि तिथे त्यांनी हार्बर बुकशॉप नावाचं पुस्तकांचं दुकान काढलं. आईला हा निर्णय चमत्कारिक वाटला: याला धंदा आवडत नाही आणि दुकानात तर पूहचेच चाहते भेटणार. तसे ते भेटलेही. खऱ्या ख्रिस्तोफर रॉबिनला बघायला, हात मिळवायला लोक यायचे आणि तो संकोचायचा. पण दुकान चाललं. पुस्तकं मागवायची, खोकी उघडायची, फळ्या लावायच्या, गावातल्या मुलाला हवं ते पुस्तक शोधून द्यायचं. पूहची पुस्तकंही त्या दुकानात विकायला होती. ज्या नावामुळे नोकरीच्या रांगेत त्याची कुचंबणा झाली, ते नाव दुकानाच्या फळीवर इतर शेकडो नावांत एक होऊन बसलं. इतकी वर्षं वडिलांना जे जमलं नाही ते इथे त्याच्या स्वतःच्या मेहनतीने झालं.

वडिलांशी अंतर पडलं ते मात्र पुरतं भरून आलं नाही. १९५२मध्ये मिल्नना पक्षाघाताचा झटका आला, मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर ते अंथरुणाला खिळल्यासारखेच होते. मुलगा अधूनमधून भेटायला जाई. ३१ जानेवारी १९५६ रोजी ते गेले. त्यानंतर ख्रिस्तोफर कॉचफोर्ड फार्मवर कधीच परत गेला नाही. आईशीही भेटीगाठी जवळजवळ थांबल्या.

१९७४मध्ये, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, त्याने आपलं बालपण स्वतः लिहिलं. 'द एन्चँटेड प्लेसेस' असं त्या पुस्तकाचं नाव. त्यात राग आहे, पण त्याहून जास्त आहे ते समजून घेणं. वडिलांचा लाजाळूपणा आपल्यात कसा उतरला, त्यांना शब्दांत जे जमायचं ते समोरासमोर का जमत नसे, हे तो शांतपणे उलगडत जातो. या लेखनामुळे आपण वडिलांच्या आणि पूहच्या सावलीतून बाहेर आलो, असं त्याने पुढे नमूद केलं. मराठीत वडिलांवर मुलांनी लिहिलेल्या आठवणी भरपूर आहेत. बहुतेकांत आरती असते, काहींत हिशेब चुकता केलेला असतो. या दोन्हींच्या मधल्या जागी टिकून लिहिणं किती अवघड आहे हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हे पुस्तक जरूर वाचावं. १९७९मध्ये जंगलातला तो जुना लाकडी पूल, जिथून मुलगा आणि अस्वल काटक्या पाण्यात टाकून शर्यत लावत, दुरुस्त झाला तेव्हा त्याच्या उद्घाटनाला तो आनंदाने गेला.

खेळण्यांचं काय झालं? ती १९४७मध्ये अमेरिकेत प्रदर्शनासाठी गेली आणि परत आली नाहीत. १९८७पासून ती न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात काचेआड आहेत. कांगारूचं पिल्लू तेवढं नाही. ते १९३०च्या दशकात सफरचंदाच्या बागेत हरवलं. १९९८मध्ये ब्रिटिश खासदार ग्विनेथ डनवुडी यांनी खेळणी मायदेशी परत आणा अशी मागणी केली आणि दोन्ही देशांच्या वर्तमानपत्रांत बराच गाजावाजा झाला. ज्याची ती होती, त्याला हयातीतच त्यांची ओढ उरली नव्हती. मोठा माणूस काल आवडणाऱ्या वस्तूंत अडकून राहत नाही, अशी त्याची साधी समजूत होती. लोकांना हे सांगितलं की त्यांचा विरस होई.

'विनी' हे नाव तर एका खऱ्या अस्वलाकडून आलेलं. १९१४मध्ये कॅनडाच्या सैन्यातला पशुवैद्य हॅरी कोलबर्न युद्धावर निघाला असताना व्हाइट रिव्हर स्थानकावर त्याने एक अनाथ मादी पिल्लू वीस डॉलरला विकत घेतलं आणि आपल्या विनिपेग शहरावरून तिचं नाव ठेवलं. फ्रान्सला जाताना त्याने तिला लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ठेवलं. युद्धानंतर तिला घरी न्यायचं असा त्याचा बेत होता. पण परत आल्यावर लंडनची मुलं तिच्या पाठीवर बसतात, तिला हाताने भरवतात हे त्याने पाहिलं आणि तिला तिथेच राहू दिलं. ती १९३४पर्यंत जगली. पुढे तिच्याशी खेळणाऱ्या मुलांमध्ये छोटा ख्रिस्तोफरही होता.

हे सगळं शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून सोडून देण्यासारखं नाही. आज मूल जन्मायच्या आधी त्याच्या नावाचं इन्स्टाग्राम खातं उघडलं जातं. त्याचं पहिलं पाऊल, पहिली शाळा, पहिलं रडणं, अंघोळीचे व्हिडिओसुद्धा हजारो अनोळखी लोक पाहतात. मिल्नने खेळणी आणि नाव दिलं, तेही कवितेत घोळवून. चौथ्या पुस्तकानंतर धास्तावून थांबले. आपण थांबायचं ठिकाणही ठरवलेलं नसतं. हे लिहिताना पालकांना बोल लावायचा हेतू नाही, पण काळजी वाटते. या मुलांपैकी एखादं पंधरा वर्षांचं झालं की वसतिगृहाच्या खोलीत कुणीतरी फोनवर ते जुने व्हिडिओ लावणारच आहे. तबकडी निदान फोडता तरी येत होती.

पुस्तकं आता मिल्न कुटुंबाचीही उरलेली नाहीत. १९६१मध्ये चित्रपटाचे हक्क डिस्नेकडे गेले. अमेरिकेत १९२६चं पुस्तक २०२२मध्ये कॉपीराइटमधून मुक्त झालं आणि पुढच्याच वर्षी कुणीतरी त्या अस्वलाला खुनी करून भयपट काढला. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, म्हणजे २०१७पासून पूहच्या मूळ गोष्टी मराठीत आणायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. चांगल्या अनुवादकाने हे काम जरूर हाती घ्यावं. डिस्नेच्या अस्वलापेक्षा पुस्तकातलं अस्वल कितीतरी शहाणं आहे.

वडील गेले त्याच वर्षी ख्रिस्तोफर आणि लेस्लीला मुलगी झाली, क्लेअर. तिला सेरेब्रल पाल्सी होती, तीही गंभीर स्वरूपाची. तिच्या बाबतीत निरोपाचं प्रकरण येणारच नव्हतं; ती घर सोडून शाळेत, सैन्यात किंवा दुसऱ्या गावी जाणार नव्हती. ख्रिस्तोफरचे हात लहानपणापासून कसबी होते, कुलपं उघडून पाहण्यात आणि सुतारकामात रमणारे. वडिलांना हातांचं काम अजिबात जमत नसे. त्याने आपल्या मुलीला बसता यावं, जेवता यावं म्हणून तिच्या मापाच्या वस्तू स्वतः बनवल्या. त्या करताना तिच्यावर कविता करावी असं त्याला वाटलं नाही. पूहच्या पैशांपासून तो स्वतः शक्य तितका लांब राहिला होता, पण क्लेअरसाठी तो पैसा त्याने स्वीकारला. १९९६मध्ये ख्रिस्तोफर गेला. २००१मध्ये डिस्नेने मिल्न यांच्या वारसांकडून उरलेले हक्क ३५ कोटी डॉलरला घेतले, त्यातला क्लेअरचा वाटा एका न्यासाकडे गेला. क्लेअर २०१२मध्ये वारली. तिच्या नावाचा तो न्यास डेव्हन आणि कॉर्नवॉलमधल्या अपंग माणसांसाठी काम करणाऱ्या संस्थांना आजही पैसे देतो.